नातीचे विजेचे व्हायोलिन

गेल्या भाद्रपदात आमच्या घरी चार दिवस अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. शेताचा बांध नाही, दागिना नाही, लग्नकार्यातला मानपान नाही. एका वाद्याच्या आवाजावरून मी आणि माझी नात एकमेकांशी बोलत नव्हतो! मी बहात्तर वर्षांचा निवृत्त विज्ञानशिक्षक, ती अकरावीतली मुलगी. तिचे म्हणणे, "आबा, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही." माझे म्हणणे, "पोरी, नवे-जुने राहू दे; तुझ्या त्या वाद्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो त्याचे काय?" दोघांचेही थोडेथोडे खरे होते, हे कळायला कोजागिरी उजाडावी लागली. मधल्या महिनाभरात मी जे शिकलो, ते ज्यांच्या घरी विजेचे व्हायोलिन, गजाने वाजवायचे दुसरे कोणतेही विजेचे वाद्य किंवा एखादी हट्टी नात असेल त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वाशीम तसे फार जुने. वाकाटकांच्या काळी ते वत्सगुल्म नावाने राजधानीचे गाव होते. पुढे कितीएक वर्षे अकोल्याच्या छायेत राहून १९९८ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. या गावात माझ्या लहानपणी एक बुवा राहत. भजनी मंडळात पेटी वाजवीत, चार मुलांना गाणे शिकवीत. पण त्यांचा खरा जीव व्हायोलिनवर. मी त्यांच्याकडे बारा वर्षे शिकलो. शिकलो म्हणजे काय, गज सरळ ओढायला शिकलो एवढेच म्हणतो. बुवा सांगत, "डाव्या हाताने सूर सापडतो, पण त्याला श्वास देतो तो उजवा हात. गज दाबलास की वाद्य घुसमटते." त्या काळी आमच्याकडे व्हायोलिन म्हणजे साहेबाचे वाद्य, असे कोणाला वाटत नसे. गजाचा आवाज वऱ्हाडाला परका नव्हताच. किंगरी वाजवीत दारी येणारे नाथपंथी भिक्षेकरी आम्ही पाहिलेले होते. शिवाय गजाननबुवा जोशी आणि वाईचे वि. गो. जोग यांनी हे वाद्य हिंदुस्थानी मैफलीत मानाने बसवले होते. पुढे दामोदर केशव दातारांचे गायकी अंगाचे वादन आणि प्रभाकर जोगांचे "गाणारे व्हायोलिन" घरोघरी पोचले. तारेने माणसासारखे गायचे, हाच आमच्याकडचा आदर्श.

बुवांनी जाण्यापूर्वी आपले व्हायोलिन माझ्या हाती दिले. मी ते जिवापाड जपले. परंतु वाशीमच्या उन्हाळ्यापुढे कोणाचे चालते? वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आकसते. व्हायोलिनची वरची-खालची फळी बाजूंना सरसाने चिकटवलेली असते. लाकडावर ताण आला तर फळी तडकू नये, त्याआधी जोड सुटावा, म्हणून मुद्दामच तो फार घट्ट केलेला नसतो. जोड सुटला तर पुन्हा चिकटवता येतो, आणि तो मी तीनदा चिकटवून घेतला. पण एका उन्हाळ्यात खुंटीच्या भोकापासून मानेकडे तडा गेला. कारागिराने सांधून दिले आणि बजावले, "आता पूर्ण ताण देऊ नका." तेव्हापासून बुवांचे व्हायोलिन सैल तारांनिशी, घोडी जेमतेम उभी राहील इतक्या ताणाने, कपाटात निजून होते.

नातीला माझ्याकडून सूर लागला. तिला वाद्य हवे होते. एका नातेवाइकाच्या मुलाने वापरून बाजूला टाकलेले विजेचे व्हायोलिन तिला मिळाले. त्याला पोट नाही. नुसता भरीव लाकडी सांगाडा, त्यावर चार तारा, आणि घोडीखाली बसवलेली एक चकती. तारेचे कंपन घोडीतून त्या चकतीवर दाबाने पोचते आणि चकती त्या दाबाचे विजेत रूपांतर करते. दाब दिला की वीज निर्माण करणारे स्फटिक फ्रान्समधल्या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. त्याच तत्त्वावर ही चकती चालते. भरीव असल्यामुळे असले वाद्य उन्हाला फारशी दाद देत नाही. शिवाय मंडपात त्याचा आणखी एक फायदा आहे. पोकळ व्हायोलिनपुढे माइक ठेवून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकात आणि व्हायोलिनच्या पोटात शिरतो आणि शीळ घुमू लागते. भरीव वाद्यात ती भीती पुष्कळच कमी. म्हणजे कागदावर सगळे उत्तम!

प्रत्यक्षात काय झाले ते गणेशोत्सवात कॉलनीतल्या सर्वांनी ऐकले. नातीने यमन सुरू केला आणि पहिल्याच मिंडेला पुढच्या रांगेतली दोन लहान मुले कानांत बोटे घालून बसली. आवाज पातळ, टोचरा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. खर्जाची तार तर जणू नव्हतीच. पोर घाबरली, घाबरून गज दाबू लागली आणि आवाज आणखी कर्कश झाला. पाच मिनिटांत तिने वाजवणे आटोपते घेतले. घरी येताना तोंडातून चकार शब्द नाही. रात्री म्हणाली, "आबा, मला विकून टाकायचंय ते." आणि मी शहाण्याने, तिची समजूत घालायची सोडून, "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य उच्चारले. तेथून अबोला!

पाचव्या दिवशी तो फोडला आमच्या लाऊडस्पीकरवाल्याने. हा माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना विज्ञानात कसाबसा उत्तीर्ण होत असे. आज मात्र पंचक्रोशीतले बिघडलेले अँप्लिफायर त्याच्याच दुकानात येतात. भाड्याच्या वायरी परत न्यायला आला, नातीचे व्हायोलिन हातात घेतले, मागची झाकणी उघडून पाहिली आणि हसला.

"सर, याच्या आतला बॅटरीवाला सर्किटच कोनंतरी काढून फेकला. चकती थेट सॉकेटले जोडून देल्ली. आन् थे आपन मिक्सरमंदी खुपसून राह्यलो. मंग खालचे सूर कसे येतीन?"

"का येऊ नयेत?" मी विचारले.

"आता घ्या! तुमीच तं शिकवलं होतं मले. चकती म्हंजे एक बारका कपॅसिटर. त्याच्यातली वीज गळून जाते ना!"

वाचकहो, बत्तीस वर्षे फळ्यावर जे समीकरण लिहिले ते घरच्या वाद्यात ओळखता आले नाही, याची मला त्या क्षणी लाज वाटली. तथापि गोष्ट समजण्यासारखी सोपी आहे. चकतीत निर्माण होणारा विद्युतभार म्हणजे पळीभर पाणी. मिक्सरचा साधा दरवाजा म्हणजे त्या पळीला पडलेले भले मोठे भोक. वरच्या सुराचे कंपन इतके जलद होते की पाणी गळायच्या आत त्याचे काम झालेले असते. खालच्या सुराचे कंपन सावकाश, तोवर पळी रिकामी! आकड्यांत सांगायचे तर, चकतीची धारकता १ नॅनोफॅरड आणि मिक्सरचा रोध ४७ हजार ओहम धरला, तर सुमारे ३,४०० हर्ट्झच्या खालचे सर्व काही उतरत जाते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार पाश्चात्त्य मेळात १९६ हर्ट्झची. तिचा मूळ सूर या हिशेबाने जेमतेम सतराव्या हिश्शाने शिल्लक राहतो. कानी पडतो तो नुसता वरचा चरचराट. रोध १० लाख ओहम केला तर ती हद्द १६० हर्ट्झच्या आसपास येते. १ कोटी ओहम केला तर १६ हर्ट्झवर, म्हणजे ऐकू येण्याच्याही खाली.

"मधात एक दरवान उभा करा लागते," आमचा मित्र म्हणाला. "थो वाद्याकडून कायीच घेत नाई, आन् मिक्सरले मात्र पुरेपूर देते." या दरवानाला त्यांच्या धंद्यात 'बफर' म्हणतात. त्याने संध्याकाळी एक बीएफडब्ल्यू १० जातीचा ट्रान्झिस्टर, चार-दोन रोध आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन तो एका छोट्या पत्र्याच्या डबीत जोडून दिला. साऱ्याचा खर्च दोन सिनेमांच्या तिकिटांएवढाही आला नाही. नातीने खर्जाच्या तारेवर गज ठेवला आणि भिंतीवरचे कॅलेंडर थरथरले. तिने माझ्याकडे पाहिले. अबोला संपला.

पण काम संपले नव्हते. खर्ज आला, टोच कमी झाली. तरीही आवाजात जीव नव्हता. एकच सूर लांबवला की तो बसच्या हॉर्नसारखा सपाट राही. नातीचे मत पडले की आता 'इफेक्ट' घेतले पाहिजेत. इफेक्ट म्हणजे आवाजाला वाटेत गाठून त्याचे रूप बदलणाऱ्या पेट्या. पायाने दाबून चालू-बंद करता येतात म्हणून त्यांना पेडल म्हणतात. गिटारवाल्या पोरांकडे त्या ढिगाने असतात. तिने एका मित्राकडून वापरलेली एक पेटी आणली. तीत पन्नास-साठ इफेक्ट होते. दोन दिवस घरात असे आवाज चालले होते की दूधवाला फाटकातूनच परत गेला!

त्या दोन दिवसांनी आम्हाला पुष्कळ शिकवले. 'डिस्टॉर्शन' नावाचा प्रकार गिटारच्या छेडलेल्या तारेला भरीव करतो. गजाच्या तारेचा मात्र गांधीलमाशीचा थवा होतो. 'कोरस' एका वाद्याची अनेक केल्याचा भास देतो. पण त्यासाठी तो सूर किंचित वर-खाली हलवतो आणि आपल्या रागातला लावलेला गांधार डळमळतो. 'रिव्हर्ब' म्हणजे गाभाऱ्यातल्यासारखी घुमणी. ती भरपूर घातली की आलाप गोड वाटतो, पण तान सुरू होताच सगळे स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात. असे का व्हावे? मला फळा आठवला. गज ओढल्यावर तारेचे नेमके काय होते, हे पोरीला आधी सांगायला हवे होते.

तारेला गज लागला की राळेमुळे तार गजाला चिकटते, त्याच्याबरोबर ओढली जाते, ताण सोसेनासा झाला की सुटून झटक्यात मागे येते आणि पुन्हा चिकटते. १९६ हर्ट्झच्या तारेवर हे चिकटणे-सुटणे एका सेकंदात १९६ वेळा चालते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने तारेची ही चाल सूक्ष्मदर्शकातून पाहून १८६३ साली जगापुढे मांडली. त्यावर पुढचे मोठे काम आपल्याकडे कलकत्त्यात झाले. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० साली प्रकाशावरील शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १९१८ साली त्यांनी गजाच्या तारेच्या कंपनांवर एक अख्खा प्रबंध प्रसिद्ध केला होता, आणि पुढे यंत्राने वाजणारे व्हायोलिन बनवून प्रयोगही केले, हे किती जणांना माहीत आहे? गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर यांवर तारेची चाल कशी ठरते, हे त्यांनी मोजून दाखवले. आमचे बुवा "दाबू नकोस" म्हणत तेव्हा त्यांना हे गणित ठाऊक नव्हते. कानाला मात्र ठाऊक होते.

आता मुद्दा असा की, या चिकटण्या-सुटण्यामुळे घोडीवर करवतीच्या दातांसारखी लाट पोचते. तिच्यात मूळ सुराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर ठासून भरलेले असतात. म्हणूनच तिच्यावर आणखी डिस्टॉर्शन चढवणे म्हणजे तिखटाच्या रश्श्यावर मिरचीची फोडणी! ही करवत गोड कोण करते? व्हायोलिनचे पोट. पोटातली हवा साधारण २७०-२८० हर्ट्झला घुमते, लाकडाच्या फळ्या ४०० ते ५५० च्या दरम्यान जोर धरतात, पुढे दोन-तीन हजारांपाशी घोडीचा स्वतःचा उठाव येतो. मधे अनेक लहान-मोठी शिखरे आणि दऱ्या. काही उपस्वर शिखरावर चढून मोठे होतात, काही दरीत दडतात. आणि आपण मींड घेतो तेव्हा? सूर सरकतो तसतसा त्याचा प्रत्येक उपस्वर या डोंगराळ मुलखातून चालू लागतो. कोणी वर चढतो, कोणी खाली उतरतो. मिंडेत जी झळाळी वाटते तिचा मोठा भाग यातून येतो. भरीव व्हायोलिनला हा डोंगराळ मुलूखच नाही. तेथे सगळे सपाट माळरान. मग मींड मेलेली वाटेल नाही तर काय?

म्हणजे आवाजात काही कमी होते, ते आम्ही भलत्याच वस्तूंनी भरून काढत होतो. पोट गेले होते आणि आम्ही वाद्याला दागिने घालत होतो! अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज आणि त्याचा सहकारी कोहुट यांनी १९७३ सालीच याचे उत्तर छापले होते. त्यांनी विजेच्या व्हायोलिनचा आवाज अनेक विद्युत्-मंडलांतून नेला. प्रत्येक मंडल लाकडाच्या एकेका शिखराची नक्कल करणारे. त्यातून खऱ्या व्हायोलिनच्या जवळचा आवाज निघाला. आणि आपल्याकडच्या कारागिरांनी तर याच्याही आधी, निराळ्या मार्गाने, वाद्यातच इफेक्ट बसवून ठेवला आहे. सारंगी पाहा. गज फिरतो तीन जाड तारांवर, पण खाली पस्तीसच्या आसपास तरफा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. वरचा सूर जुळला की त्या आपोआप बोलतात. हा आपला रिव्हर्ब! विशेष असे की लावलेल्या सुरांनाच त्या खरी साथ देतात. बेसूर वाजवणाऱ्याला तरफा साथ देत नाहीत. पेटीतल्या यंत्राला एवढी तारतम्यबुद्धी नसते.

मग आम्ही आजा-नातीने नियम ठरवला: आधी काढायचे, मग परत द्यायचे, आणि सजवायचे ते सर्वांत शेवटी. इक्वलायझर नावाच्या साधनाने आवाजातला हवा तो पट्टा कमी-जास्त करता येतो. प्रथम १५० हर्ट्झच्या खालचे सगळे कापले. तेथे सूर नव्हतेच, गजाचे धक्के आणि स्टँडची धडधड तेवढी होती. मग तीन हजारांच्या आसपासची टोच पाच-सहा डेसिबलने उतरवली, कारण चकतीचा बोचरेपणा तेथेच जास्त जाणवत होता. आठ हजारांच्या वरचा राळेचा खरखराट थोडा मऊ केला. पण पूर्ण काढला नाही. पूर्ण काढला तर गज आहे की बासरी, तेच कळेना! 'कंप्रेसर' मोठा आवाज दाबतो आणि लहान उचलतो. गिटारवाले तो सढळ हाताने वापरतात. आम्ही तो जवळजवळ बंदच ठेवला. गजाचा श्वास वर-खाली होण्यातच गाणे आहे. ते सपाट करून कसे चालेल?

राहिले पोट. ते कोठून आणायचे? नातीने शोधून काढले की हल्लीच्या पेट्यांत एखाद्या वस्तूच्या घुमण्याचा ठसा भरून ठेवता येतो. घोडीवर एक हलका ठोका मारायचा आणि वाद्य कसे घुमते ते टिपून घ्यायचे. त्यात वाद्याचा सगळा स्वभाव आला. मग पेटी काय करते? तारेकडून येणारा आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० बारीक बारीक ठोके असे समजते, प्रत्येक ठोक्याला तीच घुमणी लहान-मोठी करून लावते आणि सगळ्यांची बेरीज ऐकवते. तिच्या पेटीत गिटारच्या स्पीकरचे ठसे भरण्यासाठी जागा होती. तेथे व्हायोलिनचा भरला तर तिला काय कळणार! ठसे विकतही मिळतात, असे ती म्हणाली. मग जरा थांबून तिने कपाटाकडे पाहिले.

"आबा, बुवांच्या व्हायोलिनचं पोट चांगलं आहे ना? मानच तेवढी गेलीय."

मला एकदम उत्तर देता आले नाही. ते वाद्य मी कितीएक वर्षांत कोणाला हात लावू दिला नव्हता.

त्या रात्री एक वाजता, रस्ता निवल्यावर, आम्ही पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. आत उभी असलेली बारीक काठी, जिला युरोपातले लोक वाद्याचा आत्मा म्हणतात, ती जागेवर आहे हे विजेरीने पाहून घेतले. तारा बोलू नयेत म्हणून त्यांत रुमाल गुंतवला. बांबूच्या काडीला छोटासा स्क्रू बसवून हातोडी केली. हातभर अंतरावर पुस्तकांच्या चळतीवर तिचा फोन. गज ज्या दिशेने तार हलवतो त्याच दिशेने, म्हणजे घोडीच्या कडेवर आडवा ठोका मारायचा होता. माझा हात थरथरत होता. म्हणून ठोके तिने मारले. वीस ठोके. पाच कुत्र्यांनी घालवले, सहा माझ्या खोकल्याने. उरलेल्यांतले चांगले चार तिने निवडले, ठोक्याच्या आधीची शांतता कापली, पाव सेकंदानंतरचे हळूहळू मिटवले, चारींचा मेळ घातला आणि पेटीत भरला. ऐकायला तो ठसा म्हणजे केवळ एक 'टक्' आहे. लाकडी डबीवर टिचकी मारावी तसा.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने पेटी चालू केली आणि मंद्र पंचमावर गज ठेवला. बुवांच्या वाद्याची एक खोड होती. मंद्र पंचमाशी आले की आवाजाला किंचित घोगरेपणा येई. दाणेदार, माणसाने खाकरून बोलावे तसा. बुवा त्याला "माझा सर्दीचा पंचम" म्हणत. मी खुर्चीत ताठ बसलो. हुबेहूब तोच म्हणणार नाही. फोनचा माइक तो फोनचाच, तारा सैल, आणि ठशात आमच्या खोलीच्या भिंतीही थोड्या आल्या असणार. पण माळरानावर डोंगर उभे राहिले होते. तिने पंचमावरून षड्जाकडे मींड घेतली आणि ती चालली, जिवंत माणसासारखी चालली.

इतक्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, बुवांचं व्हायोलिन कशाला काढलंत? मान मोडून बसाल त्याची!"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. ही बाहेर आली, नातीच्या हातातला काळा सांगाडा पाहिला, कपाटावर निजलेले व्हायोलिन पाहिले आणि पदराला हात पुसत तशीच उभी राहिली. तिने लग्नानंतरची पहिली दहा वर्षे बुवांना आमच्या ओसरीवर ऐकले होते. तिला कोणी हर्ट्झ आणि डेसिबल सांगितले नव्हते. याहून मोठी परीक्षा कोणती?

कोजागिरीला गच्चीवर सगळी कॉलनी जमली. आटीव दूध उकळत होते. लाऊडस्पीकरवाल्याने स्वतः मिक्सर सांभाळला. नातीने यमनच घेतला, जो अर्ध्यावर सोडला होता तोच. शेवटी अगदी थोडा रिव्हर्ब ठेवला होता; गच्ची उघडी, आवाज परत यायला भिंत नाही, म्हणून मध्यम दिवाणखान्याएवढी घुमणी. आणि तान सुरू करण्यापूर्वी पायाने तोही बंद केला. मागच्या खेपेस कानांत बोटे घालणारी ती दोन मुले दुधाचे पेले हातात धरून ऐकत होती. कार्यक्रम संपल्यावर आमचा मित्र म्हणाला, "सर, आता सूर बसला. पन खरं सांगू? मी मिक्सरवर कायीच नाई केलं. पोरीनं गज हलका धरला ना, अर्धं काम थितंच झालं."

अर्धे काम थितंच! बुवांनी सांगितलेले, रामन यांनी मोजलेले आणि माझ्या विद्यार्थ्याने ऐकलेले एकच निघाले. म्हणून कोणी विचारले की विजेच्या व्हायोलिनचा आवाज सुधारायला कोणता इफेक्ट घ्यावा, तर मी क्रम सांगतो: प्रथम हलका गज आणि माफक राळ; मग चकतीपुढे दरवान; मग टोच काढणे; मग पोट परत देणे; आणि घुमणी शेवटी, भाजीत मीठ घालावे तशी. पेटीत उरलेल्या पन्नास गोष्टींना हात न लावल्याने काहीच बिघडत नाही.

आता रोज पहाटे नात रियाज करते तेव्हा ती पेटी बंद ठेवते. नुसता दरवान चालू, बाकी कोरडी तार. परवा मी म्हणालो, "अगं, इतक्या खटपटीने बुवांचा आवाज आणला, तो लाव की." ती गजाला राळ लावता लावता म्हणाली, "नको आबा. तो लावला की माझ्या चुका बुवा झाकून घेतात."

मी काही बोललो नाही. चहाचा पेला उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. बुवा असते तर त्यांनीही तेच केले असते.